लडाखच्या मिठाच्या तळ्यावर

आपल्या घरांतला प्रवास म्हणजे दीक्षाभूमी, चैत्यभूमी आणि जमलेच तर बुद्धगया. नुसते हिंडायला, मुलुख पाहायला जाणे म्हणजे अजूनही चैन समजली जाते. आमच्या चाळीतल्या सहा जणांनी ही चैन करायची ठरवली. दोन वर्षे भिशी लावली आणि गेल्या जूनमध्ये आम्ही लडाख गाठले. सहा जणांत तीन बाया, दोन पुरुष आणि बारावीला बसलेली एक मुलगी. सर्वांत वडील म्हणजे बसखात्यातून निवृत्त झालेले काका.

लेह ३,५०० मीटर उंचीवर आहे. विमानाने एकदम तिथे उतरले की डोके जड होते, जिना चढताना धाप लागते. पहिले दोन दिवस आम्ही निव्वळ पडून काढले. पैसे मोजून आलो आणि झोपा काढतो, म्हणून काकू करवादल्या. पण विरळ हवेची शरीराला सवय व्हायला दुसरा इलाज नाही. ज्यांना जायचे आहे त्यांनी हे दोन दिवस हिशेबात धरूनच रजा टाकावी. जीपचे दर तिथल्या टॅक्सी युनियनने ठरवून दिलेले असतात, त्यामुळे घासाघीस करावी लागत नाही. तीन दिवसांसाठी एक गाडी आम्ही सहा जणांत केली.

तिसऱ्या दिवशी सकाळी निघालो. उपशीपर्यंत सिंधू नदी सोबतीला होती. पुढे रुमत्से गावानंतर शेत नाही, झाड नाही. वाळवंट म्हटले की आपल्याला उकाडा आठवतो. इथे वाळवंटात स्वेटर घालून बसावे लागते. पावसाचे ढग हिमालयाच्या अलीकडेच रिकामे होतात. लेहला वर्षभरात जेमतेम शंभर मिलिमीटर पाऊस पडतो. मुंबईत जुलैच्या एका दिवसात याहून जास्त पडतो. तांगलांग ला ही ५,३०० मीटरवरची खिंड ओलांडताना कुणीच बोलत नव्हते. चालकाने दहा मिनिटांवर थांबू दिले नाही. त्याचे बरोबर होते.

खिंडीच्या पलीकडे त्सो कार. लडाखी भाषेत त्याचा अर्थ पांढरे तळे. चहूबाजूंनी डोंगर आणि मधल्या खोलगट भागात आलेल्या पाण्याला बाहेर जायला वाट नाही. पाणी उन्हा-वाऱ्याने उडून जाते, मीठ मागे राहते. वर्षानुवर्षे साचून काठाला त्याची पांढरी साय धरली आहे. दुरून बर्फ वाटतो. एकेकाळी तळे फार मोठे होते, त्याच्या जुन्या काठांच्या रेघा डोंगरांच्या अंगावर बऱ्याच उंचावर दिसतात. मुलीने चिमूटभर उचलून जिभेवर ठेवले आणि तोंड वाकडे केले. खारट कमी, कडवट जास्त! पलीकडे कियांग, म्हणजे तिथली रानगाढवे चरत होती.

हे मीठ वेचणारी माणसे म्हणजे चांगपा, मेंढ्या-शेळ्या घेऊन फिरणारे पशुपालक. आमचा चालक सिंधूकाठच्या गावचा. त्याच्या आजोबांच्या वेळी चांगपा मेंढ्यांच्या पाठीवर मिठाच्या पिशव्या लादून गावोगाव येत. एका मेंढीवर आठ-दहा किलो. मीठ आणि लोकर द्यायची, जव न्यायचे. उंचावर धान्य पिकत नाही आणि खाली मीठ नाही, म्हणून हा व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या चालला. १९६२ च्या युद्धानंतर तिबेटकडचा व्यापार बंद पडला. इकडे रस्ते झाले, रेशनचे धान्य आले, दुकानात पुडीतले मीठ आले. आता मीठ वेचायला कुणी जात नाही.

तळ्याजवळच्या थुकजे गावात मुक्काम केला. बायांनी स्वयंपाकाला हात लावला तेव्हा कळले की साध्या पातेल्यात भात शिजत नाही. एवढ्या उंचीवर पाणी पंच्याऐंशी अंशांच्या आसपासच उकळते. कुकरवाचून गती नाही.

दुसऱ्या दिवशी वाटेत याकच्या केसांच्या काळ्या तंबूपाशी थांबलो. एक बाई शेळी बांधून तिच्या अंगावरची बारीक लव विंचरून काढत होती. हाच तो पश्मिना. एका शेळीपासून वर्षाला पाव किलोच्या आसपास मिळतो. हिवाळ्यात पारा शून्याखाली तीस अंशांपर्यंत जातो आणि कळप राखायला माणूस बाहेर लागतोच. तिची दोन मुले पुग्याच्या शाळेत होती. भटक्यांच्या मुलांसाठी तिथे सरकारी निवासी शाळा आहे. मुले पुढे हे काम करतील का, असे आमच्या ताईंनी विचारले. बाई हसली आणि हाताने नाही म्हणाली.

दुसऱ्या गाडीतून आलेले एक सुशिक्षित कुटुंब तिथेच फोटो काढत होते. त्यातल्या बाई हळहळल्या, किती निर्मळ जीवन, ही माणसे शहरात जाऊन बिघडतात. ताई तिथे गप्प बसल्या, गाडीत बसल्यावर मात्र म्हणाल्या, "आमच्या आजीलाबी असंच कुणी म्हटलं असेल, गावातच रहा म्हणून." बाबासाहेबांनी आपल्या माणसांना गाव सोडा म्हणून का सांगितले, हे ज्यांच्या घरात कुणी गाव सोडले त्यांनाच कळते. पश्मिना विंचरायचे हात कमी झाले तर एक मोठी विद्या जाईल, हेही खरेच आहे. पण त्याची किंमत त्या दोन पोरांनीच का मोजावी?

पुग्याच्या उकळत्या झऱ्यांपासून पुढे निघालो तेव्हा काकांनी चालकाला सरळ विचारले, "तुमच्यात आमच्यासारखी माणसं आहेत का?" तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, आहेत. वाजंत्री वाजवणारे मोन आणि बेदा, लोहारकाम करणारे गारा. पंगतीत त्यांची जागा शेवटी, त्यांच्याशी सोयरीक करत नाहीत. १९८९ साली लडाखच्या ज्या आठ जमातींना अनुसूचित जमातींचा दर्जा मिळाला त्यांत चांगपांबरोबर हेही आहेत. पण यादीत शेजारी असणे आणि पंगतीला शेजारी बसणे वेगळे. बुद्धाच्या देशात हे ऐकून काकू बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहिल्या. मोनांची तरुण पोरे आता ढोलाला हात लावत नाहीत, असेही तो म्हणाला, आणि संस्कृती बुडाली म्हणून लोक नाराज आहेत. काका म्हणाले, "माझ्या बापानं हलगी सोडली तेव्हाबी गाव नाराज होतं." चालकाने आरशातून एकदा मागे पाहिले.

त्सो मोरीरी तळ्याचे निळे पाणी, कोरझोकचा विहार, रात्रीचे तारे हे सगळे पाहिले. त्याचे फोटो आहेत, ज्यांना हवे त्यांनी घरी येऊन पाहावेत.

परतीला सिंधूच्या काठाने चुमाथांगवरून लेहकडे आलो. लेहच्या अलीकडे चोगलमसरजवळ खरनाकलिंग नावाची वस्ती आहे. खरनाक भागातले चांगपा जनावरे विकून इथे येऊन राहिले आहेत. चालकाची ओळख होती म्हणून उतरलो. विटांची छोटी घरे, अंगणात नळ. एका घरी लोणी-मिठाचा चहा मिळाला. म्हातारे गृहस्थ म्हणाले, इथे दवाखाना जवळ आहे, नातवंडे रोज शाळेतून घरी येतात. कामधंदा मात्र मजुरीचा. शेळ्या विकल्या त्या दिवसाबद्दल विचारले तर त्यांनी कपातला चहा फिरवला आणि दुसरेच काही बोलले.

मग त्यांनीच काकांना विचारले, तुम्हीही गाव सोडून आलात म्हणता, परत जाता का?

"जयंतीला जातो," काका म्हणाले. "राहायला नाही."

चालकाने ते लडाखीत सांगितले. म्हाताऱ्याने मान हलवली आणि काकांच्या कपात आणखी चहा ओतला.