नळी धुणे

आपल्या भाषेवर ठासणीच्या बंदुकीचे उपकार थोडेथोडके नाहीत. वक्ता आपला मुद्दा 'ठासून' सांगतो. एखाद्याची युक्ती फसली की त्याचा 'बार फुसका' निघाला असे आपण म्हणतो. मुलीचे वय होऊ लागले की घरातली वडीलधारी मंडळी लग्नाचा 'बार उडवून' देण्याच्या खटपटीला लागतात. ज्यांनी जन्मात बंदूक हाती धरली नाही, असे आपण पांढरपेशे लोकही दिवसातून दोनचारदा ती अशी तोंडाने भरतो आणि उडवतो. परंतु एक गोष्ट माझ्या ध्यानात आली, ती अशी की हे सारे वाक्प्रचार आवाजापाशी येऊन थांबतात. बार उडाल्यानंतर त्या नळीचे काय होते, याविषयी भाषा मुकी आहे. नळी धुण्यावरून एकही वाक्प्रचार आपल्याकडे रूढ झाला नाही. आणि खरे सांगायचे तर ठासणीच्या बंदुकीतले निम्म्याहून अधिक काम तेच आहे.

हे मी पुस्तकी ज्ञानावरून लिहीत नाही. वाशीम जिल्ह्यातील रिठद हे आमचे गाव. आमच्या घरी एक ठासणीची बंदूक होती. १८७८ च्या हत्यारांच्या कायद्याच्या अमदानीत आजोबांनी ती घेतली आणि पुढे १९५९ च्या कायद्याखाली तिचा परवाना माझ्या चुलत्यांच्या, म्हणजे काकाजींच्या नावे झाला. या दुसऱ्या कायद्यात पिकांच्या प्रामाणिक रक्षणासाठी ठासणीची बंदूक बाळगू देण्याची स्वतंत्र तरतूद आहे, आणि आमच्या भागात ती निरर्थक नाही. तूर फुलावर आली किंवा हरभरा घाट्यांवर आला की रोही आणि रानडुकरे यांच्या धाडी सुरू होतात. एका रात्रीत सहा महिन्यांची मेहनत मातीत जाते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यापासून परवानगीवाचून त्यांना मारता येत नाही, आणि काकाजींना मारायचेही नव्हते. ते नुसत्या दारूवर चिंधीचा बोळा ठासून आकाशाकडे तोंड करून बार काढीत. कळप पळे, पाचपन्नास कुत्री भुंकत, आणि गाव कूस बदलून पुन्हा निजे.

काकाजींचे खरे काम त्यानंतर सुरू होई. रात्रीचे दोन वाजलेले असोत की तीन, मळ्यातून परत आल्यावर ते चुलीत काटक्या सारून पाण्याचे भांडे चढवीत. नळी दस्त्यापासून सोडवून तिचे बूड एका जुन्या बादलीत ठेवीत आणि गजाच्या टोकाला चिंधी गुंडाळून तो वरखाली करीत. पहिले पाणी शाईसारखे काळे येई आणि त्याबरोबर सडक्या अंड्यांची दुर्गंधी अंगणभर पसरे. काकू आतून नाक मुरडीत. पण काकाजी पाणी पांढरे येईपर्यंत हलत नसत. शेवटचे पाणी उकळते हवे, हा त्यांचा दंडक होता. त्यामुळे लोखंड इतके तापे की आतला ओलावा आपोआप उडून जाई. मग टोपी बसवण्याच्या पोकळ मेखेचे छिद्र ते सुईने मोकळे करीत आणि कोरड्या चिंधीने नळी पुसून शिलाईच्या यंत्राचे तेल फिरवीत. जवसाचे तेल घरात मुबलक असे, पण ते दस्त्याच्या लाकडासाठी. नळीत ते घातले तर वाळून चिकट होते, हे त्यांना कोणत्याही प्रयोगशाळेत न जाता ठाऊक होते. एकदा मी म्हटले, "काकाजी, हे सकाळी केले तर चालणार नाही का?" तेव्हा ते म्हणाले, "आवाज साऱ्या गावाले आयकू येते, बाप्पा. नयी एकट्यालेच धुवा लागते. अन् ते रातीच."

मी रसायनशास्त्र शिकवतो. तेव्हा या 'रातीच'मागचा कार्यकारणभाव सांगणे माझ्याकडे लागते. काळ्या दारूत शंभर भागांपैकी सुमारे ७५ भाग सोरा, १५ भाग कोळसा आणि १० भाग गंधक असतो. ती जळाली म्हणजे सर्वच्या सर्व धूर होऊन निघून जाते, अशी सामान्य समजूत आहे. ती खोटी आहे. नोबल आणि एबल या दोघा ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १८७५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे आढळले की जळलेल्या दारूच्या वजनापैकी सुमारे ४३ टक्केच वायुरूप होते. उरलेले ५७ टक्के घनरूप असते. त्यातला काही अंश धुरावाटे बाहेर पडतो आणि बाकीचा नळीच्या अंगाला चिकटून बसतो. हे किटण म्हणजे मुख्यतः पोटॅशियमचे कार्बोनेट, सल्फेट आणि सल्फाइड. पाणी लागताच सल्फाइडातून जो वायू सुटतो, त्यानेच काकू नाक मुरडीत. हे क्षार हवेतले बाष्प आधाशीपणाने शोषतात. रात्री कोरडे दिसणारे किटण पहाटेच्या दवात ओलसर होते, आणि ओलसर क्षाराच्या संगतीत लोखंड तांबारू लागायला फार वेळ लागत नाही. मृगाच्या दिवसांत तर एक रात्रही पुष्कळ झाली. मात्र सुदैवाची गोष्ट अशी की हे बहुतेक सारे क्षार पाण्यात विरघळतात. रोग जितका चिवट, तितके औषध स्वस्त. फक्त ते वेळेवर दिले पाहिजे.

आमच्या प्रांताला या विषयाचे आणखी एक नाते आहे. लोणारचे खारे सरोवर रिठदहून फार लांब नाही. अकबराच्या काळी अबुल फझलने ऐन-ए-अकबरीत वऱ्हाडचे वर्णन करताना लोणारजवळ काच आणि साबण यांना लागणारे पदार्थ मिळतात, असे नमूद केले आहे. तेथील सोऱ्याच्या उत्पन्नाचाही उल्लेख केला आहे. म्हणजे नळी काळी करणारा सोरा आणि काळे धुऊन काढणारा साबण या दोहोंची सामग्री एकाच परिसरात होती! सृष्टीने अपराध आणि प्रायश्चित्त अशी शेजारीशेजारी ठेवलेली क्वचितच आढळतील.

नळीतल्या या काजळीने इतिहासातही आपले काम करून ठेवले आहे. १८५७ च्या काडतुसांची कथा शाळेतल्या मुलालाही पाठ असते. पण त्या काडतुसांना चरबी मुळात कशासाठी लावीत, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. जुन्या मस्केटीची नळी आतून गुळगुळीत, आणि गोळी तिच्या मापापेक्षा बरीच लहान असे. त्यामुळे काजळी धरली तरी गोळी खाली उतरे. नेम मात्र धड लागत नसे. रायफलीच्या नळीत आटे असतात, आणि गोळी त्यांत घट्ट बसल्यावाचून फिरत नाही. घट्ट गोळी काजळलेल्या नळीत ठासणे म्हणजे महाकर्मकठीण. मिनिए या फ्रेंच अधिकाऱ्याने १८४९ च्या सुमारास पुढे आणलेल्या गोळीने ही अडचण बरीचशी दूर केली. ती सैल आत जाई आणि बार उडताना बुडाशी फुलून आट्यांना भिडे. एनफिल्ड रायफल याच तत्त्वावरची होती. तरीही काजळी मऊ राहावी आणि गोळी सुखाने सरकावी म्हणून काडतुसाला वंगण लावणे भाग होते. ते वंगण कशाचे, या प्रश्नावर पुढे केवढा वणवा पेटला ते सर्वश्रुत आहे. त्या उठावाची कारणे अनेक आणि खोल होती, यात शंका नाही. पण ठिणगीच्या तळाशी नळीतले किटण होते, हेही तितकेच खरे.

अर्थात, घाण न करणारी दारू मिळाली तर धुण्याची यातायातच नको, असे मनुष्याला वाटणे स्वाभाविक आहे. माझा एक जुना विद्यार्थी अमेरिकेत असतो. तिकडे कित्येक राज्यांत ठासणीच्या बंदुकीने शिकार करण्याचा स्वतंत्र हंगाम असतो, आणि त्या हौशी मंडळींसाठी काळ्या दारूचे पर्याय बाजारात आले आहेत. १९७० नंतरच्या दशकात डॅन पॉलक याने 'पायरोडेक्स' तयार केली. त्या बिचाऱ्याचा १९७७ साली आपल्याच कारखान्यातल्या स्फोटात अंत झाला. विद्यार्थ्याने कौतुकाने लिहिले की ही दारू काळ्या दारूपेक्षा कमी काजळी धरते. ते खरे आहे. परंतु तिच्यात पोटॅशियम परक्लोरेट असते आणि त्याच्या ज्वलनातून पोटॅशियम क्लोराइड उरते, म्हणजे आपल्या मिठाचेच भावंड. मीठ लोखंडाचे काय करते हे कोकणातल्या कोणत्याही खिडकीचे गज सांगतील. 'ट्रिपल सेव्हन' नावाच्या दुसऱ्या पर्यायात गंधक नाही. त्यामुळे दुर्गंधी नाही आणि साध्या पाण्याने ती धुता येते. पण बुडाजवळ, जिथे बार बसतो तिथे, ती एक कठीण कडे धरते आणि दुसरी गोळी तिथेच अडते.

सर्वांत मोठा धडा मिळाला तो धूर न करणाऱ्या दारूचा. ती ठासणीच्या बंदुकीत कदापि घालू नये. नळी फुटून धन्याचाच जीव जाईल. पण नव्या धाटणीच्या रायफलींत ती आली तेव्हा नळ्या आरशासारख्या दिसू लागल्या आणि तरीही पूर्वीपेक्षा जास्त गंजू लागल्या. कारण काडतुसाच्या टोपीतील क्लोरेटपासून होणारा क्षार पूर्वीच्या ढीगभर काजळीत पातळ होत असे आणि तिच्याबरोबर धुतला जाई; आता तो एकटाच, डोळ्यांना न दिसता, लोखंडावर बसू लागला. दिसणारी घाण मनुष्य धुतो. न दिसणारी राहून जाते. या न्यायाने पाहता काळी दारू मला अधिक प्रामाणिक वाटते. तिने केलेले ती लपवीत नाही.

गेल्या वर्षी माघात काकाजी गेले. शेवटचा बार त्यांनी नव्हे, त्यांच्या नातवाने काढला. परवाना काकाजींचा, म्हणून म्हातारा खाटेसकट मळ्यात गेला होता. परतल्यावर नळीही त्या मुलाने धुतली, आणि काकाजी पडल्यापडल्या पाण्याचा रंग विचारीत होते. पुढे आठ दिवसांत त्यांचे देहावसान झाले आणि कायद्याप्रमाणे बंदूक पोलीस ठाण्यात जमा झाली. तेरवीच्या दिवशी माणसे जेवून उठल्यावर प्रश्न निघाला: परवाना कोणी आपल्या नावे करून घ्यावा?

माझ्या थोरल्या चुलतभावाचे म्हणणे असे की बंदूक ही घराण्याची शान आहे. ती खंडेनवमीला पाटावर असलीच पाहिजे. भोवतालच्या वडीलधाऱ्यांनी माना डोलावल्या. तेव्हा तो नातू, जो शेती स्वतः करतो, शांतपणे म्हणाला, "बाबा, शेताले आता सौर झटक्याचं कुंपन केलं हाय. बार काढाचं कामच रायलं नाही. परवाना पिकासाठी भेटते, पूजेसाठी नाही. अन् पूजेसाठी आनली, तं ते धुईन कोन?" कोणी काही बोलले नाही. सर्वांनी माझ्याकडे पाहिले, कारण शिकलेल्या माणसाने निवाडा द्यावा अशी आमच्या घरची रीत आहे.

मला बंदुकीचा मोह नव्हता असे नाही. आजोबांच्या तळहाताने गुळगुळीत झालेला तो दस्ता, गजावर काकाजींनी पाडलेल्या खुणा! नळी भरलेली आहे की रिकामी, हे त्या खुणांवरून अंधारातही कळे. पण मी नातवाच्या बाजूने मत दिले. शान म्हणणाऱ्यांपैकी एकानेही त्या नळीतून कधी चिंधी फिरवली नव्हती, आणि जो फिरवीत होता तोच नको म्हणत होता. ज्याच्या हाताला काळे लागते त्याच्या शब्दाला वजन असावे, एवढेच मी म्हणालो. थोरल्या भावाला ते रुचले नाही; दोन महिने त्यांनी माझ्याशी बोलणे टाकले होते. अर्ज कोणी केला नाही.

आता ती बंदूक ठाण्याच्या कोठीत आहे आणि यथाकाल तिची सरकारी विल्हेवाट लागेल. तिच्या नळीत आज काजळीचा कण नाही, याची मला खात्री आहे. तेल मात्र वाळत असेल. पावसाळा लागला की मला त्याची आठवण होते, आणि तो मुलगाही, मी गावी गेलो की, हटकून तोच विषय काढतो: "काका, तेल किती दिवस टिकते?" रसायनशास्त्राच्या अध्यापकाला या प्रश्नाचे उत्तर देता आले पाहिजे. मी त्याला सांगतो की ते हवेवर अवलंबून असते.