माटवीतली जांभळं

सिंधुदुर्गात आणि गोव्यात गणपतीच्या डोक्यावर जंगल टांगतात. लाकडी पट्ट्यांची एक चौकट आढ्याला बांधायची आणि तिला आंब्याच्या डहाळ्या, नारळ, सुपारीचे घोस, शेरवड, हरणं, तेरडा ही रानफुलं असं भाद्रपदातलं रान लटकवायचं. आम्ही तिला माटवी म्हणतो, गोव्यात ती माटोळी. गोव्याचं कला व संस्कृती संचालनालय तर माटोळीची स्पर्धाच भरवतं आणि लोक तिच्यासाठी डोंगर पालथे घालून नाना जातीच्या वनस्पती गोळा करतात. या सगळ्यात मला सर्वांत प्रिय कवंडळ नावाचं फळ. लालकेशरी, अंगावर फिकट पट्टे, आणि खाण्याच्या कामाचं अजिबात नाही. आजी म्हणायची, "ह्यां खावचां नाय, टांगूचां." ज्याचा माणसाला काही उपयोग नाही त्यालाही देवापुढे मानाची जागा असते, हे मी त्या फळाकडून शिकलो.

आमचा गणपती आता बदलापुरात बसतो. कोकणातून निघालेली कितीतरी कुटुंबं मुंबईच्या चाळींतून डोंबिवली, अंबरनाथ, बदलापूर अशी रेल्वेच्या रुळांच्या कडेने सरकत इथवर आली आहेत. चतुर्थीला त्यांतली बरीच गावाकडे जातात. आम्ही मात्र इथेच, हॉलमधल्या पंख्याच्या हुकाला माटवी बांधतो. डहाळ्या आणि फुलं ताजी, फळं लाकडाची. ती मी हाताने कोरतो.

लाकूड इथलंच. उल्हासनगरचा फर्निचर बाजार आमच्यापासून लांब नाही. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या हजारो माणसांना कल्याणजवळच्या रिकाम्या लष्करी छावण्यांत आसरा मिळाला, आणि 8 ऑगस्ट 1949 रोजी त्या वस्तीचं उल्हासनगर झालं. वस्तीचे भाग अजून कॅम्प एक, कॅम्प दोन असेच ओळखले जातात. सगळं मागे टाकून आलेल्या या लोकांनी दुकानं थाटली, कारखाने उभारले. तिथल्या एका दुकानातले काका श्रावण लागला की सागाचे आणि शिसवीचे उरलेले तुकडे माझ्यासाठी पिशवीत बाजूला काढून ठेवतात. पैसे घेत नाहीत. गणपतीत दर्शनाला येतात तेव्हा मूर्तीला हात जोडून झाले की मान वर करून आपल्या लाकडाचं काय झालं ते बघतात.

मऊ लाकूड आमच्या बदलापूरचंच. बारवी धरणाच्या रस्त्याला पांगारा आहे, सावर आहे, शिवण आहे. पावसाळी वाऱ्यात मोडून पडलेली फांदी मिळाली की ती वर्षभर सावलीत वाळवायची. पांगाऱ्याचं लाकूड हलकं आणि मऊ, सुरीखाली निमूट येतं. शिवण वाळल्यावर सहसा वाकत नाही, तडकत नाही. साग तेलकट आणि सरळ रेघेचा. त्या रेघेच्या उलट सुरी चालवली की ढलपी खोल उखडते आणि फळाचा गाल जातो. म्हणून आधी तुकडा उजेडात फिरवून रेघ कुठे चालली आहे ते पाहायचं, मग हात लावायचा. कोरून झालं की कानस, मग पॉलिश पेपर, आणि शेवटी अळशीच्या तेलाचा हात.

सावंतवाडीच्या चितार आळीत हे काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे. तिथल्या कारागिरांनी पूर्वी पांगाऱ्याचंच लाकूड वापरलं, पुढे आंबा, शिवण आली. लहानपणी त्यांच्या दुकानात ठेवलेली लाकडाची केळी, सीताफळं, आंबे बघताना उचलून हुंगण्याचा मोह व्हायचा. अशी छोटी लाकडी नवलाई सणाला जोडलेली पुष्कळ ठिकाणी दिसते. नागपुरात तान्ह्या पोळ्याला मुलं लाकडाचे बैल सजवून मिरवतात. जर्मनीत सायफेन नावाचं गाव आहे. तिथल्या खाणींतलं कथील आटत गेलं तसे खाणकामगार लाकूडकामाकडे वळले आणि नाताळच्या खेळण्यांनी त्यांचा संसार चालवला. तिथे लाकडाची एक ओली कडी लेथवर कातत जातात. नंतर तिच्या फोडी केल्या की प्रत्येक फोडीत तोच घोडा किंवा तीच गाय आयती दिसते. कडी कातणाऱ्याला ते जनावर काम चालू असताना दिसत नाही, ते त्याच्या हातालाच ठाऊक असतं.

माझ्या हाताला मी वळण लावतो ते अंबरनाथच्या शिवमंदिरात. वालधुनीच्या काठचं ते देऊळ शिलाहार राजा मुम्मुणीच्या काळातलं, शिलालेखातला शक 982, म्हणजे इसवी सन 1060. सगळा कातळ काळा, त्याला रंगाचा आधार नाही. तरीही भिंतीवरच्या मूर्तीचा गुडघा पुढे आलेला आणि कंबर आत गेलेली स्पष्ट कळते, कारण शिल्पकाराने दगड नेमका तिथे खोल नेला आहे जिथे सावली हवी होती. दुपारच्या उन्हात त्या भिंतीसमोर उभं राहिलं की कोरणं म्हणजे सावलीला जागा करून देणं, हे डोळ्यांना पटतं. त्याच गावात 1920च्या दशकात विम्कोचा काडेपेटीचा कारखाना उभा राहिला. एकाच अंबरनाथात कुणी दगडाला हजार वर्षांचं आयुष्य दिलं आणि कुणी लाकडाला क्षणभराच्या ज्योतीचं. माझी फळं या दोन्हींच्या मधली. दहा दिवस टांगायची आणि पुढच्या भाद्रपदापर्यंत ट्रंकेत सुती कापडात ठेवायची.

विकत मिळणाऱ्या प्लास्टिकच्या फळांऐवजी हा खटाटोप का, असं पाहुणे विचारतात. कोरायला बसल्यावर फळ जितकं कळतं तितकं खाऊनही कळत नाही, हे माझं उत्तर. सुपारी वरवर गोल वाटते, पण तिची टोपी एका बाजूला किंचित कललेली असते. आंब्याची चोच सगळ्या जातींत सारखी नसते. एका फळाशी संध्याकाळभर बसलं की त्याचं झाड, त्याचा ऋतू, ते तोडून आणणारे हात, सगळ्यांची आठवण येत राहते. ही माझी पूजाच आहे, मूर्ती घरी येण्याच्या कितीतरी आधी सुरू होणारी.

गेल्या काही वर्षांत माटवीत एक नवं फळ आलं आहे, जांभूळ. जूनच्या सुरुवातीला बदलापूर स्टेशनबाहेर आदिवासी बाया पानांच्या द्रोणात जांभळं मांडून बसतात. टपोरी, गर भरपूर, बी लहान. या जांभळाला आता भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. पण गणपती येईतो जांभळाचा हंगाम कधीच सरलेला असतो. खरं जांभूळ माटवीत लागणं शक्यच नाही, लाकडाचं मात्र लागतं. उल्हासनगरच्या शिसवीचा गाभा मुळातच गडद, जांभळट झाक असलेला. त्याला नुसतं तेल पाजलं की झालं, रंगाची गरज उरत नाही.

आईने ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा म्हणाली, "आमच्या माटयेक जांभळां नसतत." बरोबरच होतं तिचं. तिच्या माटवीत तिच्या गावचं रान होतं. मीही जिथे राहतो तिथलं रान देवापुढे मांडतो आहे. गाव सोडलेल्या माणसाला नवं गाव घराच्या करारनाम्याने, रेशन कार्डाने आपलं होत नाही. तिथलं लाकूड ओळखीचं व्हावं लागतं, तिथलं फळ नैवेद्याच्या बरोबरीला यावं लागतं. यंदा शेजारची मुलंही पॉलिश पेपर घेऊन माझ्याजवळ बसतात. त्यांतल्या कुणी कवंडळ पाहिलेलं नाही, जांभूळ मात्र सगळ्यांच्या जिभेवर आहे. त्यांना मी आधी जांभूळच कोरायला दिलं आहे. कवंडळ पुढच्या वर्षी.