पाण्याने वेढलेला दिवस

वसई पूर्वेची एव्हरशाईन सिटी सखल भागात वसलेली. पूर्वेला तुंगारेश्वरचे डोंगर, दक्षिणेला वसईची खाडी. मुसळधार पावसात भरतीची वेळ आली की पाणी रस्त्यातच मुक्काम करते. १० जुलै २०१८ रोजी नालासोपाऱ्याचे रूळ बुडाले आणि वसई-विरारदरम्यान लोकल थांबल्या. तसे दिवस पुढेही येत राहिले.

अशा दिवशी वीज गेली की लिफ्ट बंद. मग चौथ्या मजल्यावरची चाकांची खुर्ची चौथ्याच मजल्यावर. पक्षाघाताने हिचे उजवे अंग लुळे पडले आहे, वाचाही गेली आहे. हवेची गादी विजेवर चालते, हे गादी घेताना पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. पंप थांबला की उशांचाच आधार. दर दोन तासांनी कूस बदलायची. माकडहाड आणि टाचा पाहायच्या. बोटाने दाबूनही त्वचेची लाली हटत नसेल, तर ती शय्याव्रणाची पहिली खूण. दमट हवेत घामेजलेली चादरही अंगाखाली ठेवू नये.

बाकी दिवस निवांत असतो. हिला खिडकीशी बसवून पेज भरवतो. एक घोट नीट गिळला, हे पाहूनच पुढचा चमचा. हिचे लक्ष मात्र समोरच्या इमारतीच्या बुडालेल्या पायऱ्यांवर असते. परवा दुपारी चारच्या सुमारास हिने डाव्या हाताची दोन बोटे वर केली. दोन पायऱ्या मोकळ्या झाल्या होत्या.