मांजरीची सात घरं

आमचं घर बडोद्याला दांडिया बाजारात. आमच्याकडे जेवायला येणारी मनी यंदा मागच्या चौकातल्या अडगळीत व्याली. पिल्लं चार. गेल्या वर्षी बोक्याने तिची दोन मारली होती, तेव्हापासून सौ. रात्री उठउठून चौकात डोकावते. म्हणून टोरंटोच्या लेकीने अडीच हजारांचा वाय-फाय कॅमेरा मागवून बसवून घेतला. (मांजरीसाठी की आम्हा दोघांसाठी, हे मी विचारलं नाही.)

अंधारात चित्र काळंपांढरं दिसतं, मनीचे डोळे मात्र बॅटरीसारखे चमकतात. पाल सरकली तरी मोबाइल वाजतो, तो एक ताप.

परवा रात्री दोनला वाजला. मनी पिल्लू मानेला धरून नेत होती. मांजर पिल्लांना सात घरं फिरवते म्हणतात, ते प्रथमच डोळ्यांनी पाहिलं. २.१०ला एक, २.२५ला दुसरं, २.५०ला तिसरं. मग काहीच नाही. चौथं पोत्यावर एकटंच वळवळत होतं. तिकडे संध्याकाळ, लेकीचा फोन, "बाबा, एक राहिलं!"

साडेतीनला अगाशीच्या कठड्यावर बोका. मी काठी घेऊन निघालो. ही म्हणाली, "थांबा. तुम्ही दिसलात तर ती यायची नाही." ३८ वर्षं बँकेत काढली, एक रुपया कमी भरला तरी घरी गेलो नाही. इथे चारातलं एक बाकी आणि हात बांधून बसायचं! शेवटी मी खिडकीतूनच काठी आपटली. बोका गेला.

४.४०ला मनी आली, चौथं उचललं आणि कॅमेऱ्याबाहेर गेली. कुठे नेलं, अजून कळलेलं नाही. सकाळी वाटीतलं दूध मात्र संपलेलं होतं.