गड्ड्याचा जमाखर्च

बँकेत कॅश काउंटरवर बसणाऱ्या माणसाबद्दल लोकांचे दोन गैरसमज असतात. एक, त्याच्याकडे पुष्कळ पैसे असतात. आणि दोन, त्याला पैशांतलं सगळं कळतं. पहिल्या गैरसमजापायी गरजू नातेवाईक उसने मागायला येतात, दुसऱ्यापायी श्रीमंत नातेवाईक पैसे कुठं गुंतवावेत ते विचारायला येतात. दोघंही चहा पिऊन जातात, आणि महिनाअखेरीला साखर उसनी आणायची वेळ माझ्यावर येते.

पण मी बी. कॉम. आहे. (तोही एका दमात झालेला.) उत्पन्न वाढवणं माझ्या हातात नसलं तरी अंदाजपत्रक करणं माझ्या हातात आहे, आणि ते मी वर्षातून एकदा अगदी पोटतिडकीनं करतो. मार्चमध्ये नव्हे, जानेवारीत. कारण जानेवारीत आमच्या सोलापुरात गड्डा असतो.

गड्डा म्हणजे ग्रामदैवत सिद्धेश्वराची यात्रा. बाहेरगावच्या पाहुण्याला हा शब्द सांगितला की तो 'खड्डा' असं ऐकतो. खर्चाच्या दृष्टीनं पाहिलं तर तो फारसं चुकीचं ऐकत नाही. संक्रांतीच्या आसपास होम मैदानावर पाळणे उभे राहतात, मौत का कुआँ येतो, भज्यांच्या कढया चढतात, आणि पुढे कितीतरी दिवस घरातली पोरं शाळेच्या दप्तराकडे सावत्र भावासारखं बघतात.

आता एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. या यात्रेतलं जे सगळ्यात मोठं आहे, ते फुकट आहे. बाराव्या शतकात इथं होऊन गेलेल्या सिद्धरामेश्वरांशी लग्न करायचं असा एका कुंभारकन्येनं हट्ट धरला. सिद्धराम पडले योगी. त्यांनी आपल्या योगदंडाशी लग्न लावायला संमती दिली, अशी कथा आहे. तेच लग्न दरवर्षी भोगीच्या दिवशी संमती कट्ट्याजवळ लागतं. पांढऱ्याधोप बाराबंद्या घातलेली माणसं सात नंदीध्वज पेलत आणतात, 'हर्र बोला हर्र'चा गजर होतो, आणि सगळं सोलापूर अक्षता टाकतं. मला विचाराल तर पगारदार माणसाला परवडेल असं हे एकमेव लग्न. निमंत्रणपत्रिका नाही, आहेर नाही, मुलीकडचे की मुलाकडचे असं कुणी विचारत नाही. मूठभर तांदूळ घरून न्यायचे आणि टाकायचे, मात्र पुढच्याच्या टोपीवर न पडतील इतपत नेम हवा. आदल्या दिवशी अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक, संक्रांतीला होम, किंक्रांतीला शोभेचं दारूकाम. हेही सगळं फुकट. देवानं आपल्याकडून कधी तिकीट लावलं नाही. पैसे लागतात ते देवाकडे पाठ करून मैदानात शिरलं की!

म्हणून मैदानासाठी अंदाजपत्रक. यंदा मी संकल्प केला एक हजार रुपयांचा. माणसं पाच : आई, सौभाग्यवती, चिरंजीव, कन्या आणि अस्मादिक. पाच माणसांची पाच पाकिटं केली नाहीत. तो अडाणीपणा झाला. पाच खात्यांची पाच पाकिटं केली. खाणं तीनशे, पाळणे तीनशे वीस, खरेदी दोनशे, रिक्षा (फक्त येताना) ऐंशी आणि आकस्मिक शंभर. बेरीज बरोबर हजार. तीन वेळा केली.

"बाबा, पाकिटं कशाला?" चिरंजीव म्हणाले. "तिथं सगळ्यांकडं स्कॅन करायचं असतं. भेळवाल्याकडं पण!"

"त्याचसाठी पाकिटं," मी म्हणालो. "मोबाईलमधून पैसे जातात तेव्हा टिंग असं वाजतं आणि बरं वाटतं. खिशातून जातात तेव्हा काळजात वाजतं. जत्रेत काळजात वाजलं पाहिजे." आणि मी हुकूम काढला की सगळे मोबाईल कपाटात. सौभाग्यवती काही बोलल्या नाहीत. पंधरा वर्षांच्या संसारात मी एवढं शिकायला हवं होतं की त्या बोलल्या नाहीत म्हणजे ठराव मंजूर झाला असं नव्हे.

काटकसरीनं गड्डा करण्याचं शास्त्र मी काही वाचून शिकलो नाही. ते अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं. अण्णा एका चादरीच्या कारखान्यात हिशेबनीस होते, आणि कारखान्याचा हिशेब लिहून झाला की घरचा लिहीत. त्यांचे नियम सोपे होते. संक्रांतीच्या गर्दीत मैदानात खरेदीला जायचं नाही. शेवटच्या आठवड्यात, तेही आडवारी जायचं. तेव्हा दुकानदाराला माल परत बांधून न्यायचा कंटाळा आलेला असतो. निघताना घरी भाकरी खाऊन निघायचं, कारण रिकाम्या पोटाला प्रत्येक भजं भलंमोठं दिसतं. पहिल्या फेरीत नुसतं बघायचं, दुसऱ्या फेरीत भाव विचारायचा, तिसऱ्या फेरीत घ्यायचं. आणि शेवटचा नियम : चुकामूक झाली तर इकडंतिकडं धावायचं नाही. सरळ मोठ्या पाळण्याखाली यायचं. "मी तिथंच असतो," अण्णा म्हणायचे.

आणि ते असायचेच. 1988 साली मी तिसरीत होतो. मी आणि माझ्या दोन बहिणी पाळण्यात बसायचो. पाळणा वर गेला की खाली अण्णा दिसायचे. एका हातात आमच्या तिघांच्या चपला, दुसऱ्या हातात पिशवी, आणि शेजारी आई. "अण्णा, तुम्ही पण चला ना," असं आम्ही म्हटलं की ते कपाळाला हात लावून म्हणायचे, "नको रे बाबा, मला चक्कर येते." आई म्हणायची, "मला तर खालूनच भीती वाटते." एवढा धिप्पाड माणूस आणि पाळण्याला घाबरतो, याची आम्हां पोरांना फार गंमत वाटायची. घरी येऊन आम्ही अण्णांची नक्कल करायचो. तेही हसायचे.

तर अशा शास्त्रशुद्ध तयारीनिशी आम्ही मैदानात शिरलो. पहिली फेरी निर्विघ्न पार पडली. फक्त कन्या फुग्यांपाशी आणि आई पितळी दिव्यांपाशी अडकली. दुसऱ्या फेरीत माझा शाळेतला एक वर्गमित्र भेटला. त्याचं खेळण्यांचं दुकान होतं. "काय बे, बँकेत साहेब झालास म्हणं!" असं तो आख्ख्या गल्लीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाला. साहेबानं घासाघीस करायची नसते. त्या एका वाक्यापायी मला एक मोटार दीडशे रुपयांना पडली असती, पण आई पुढं झाली आणि म्हणाली, "अरे, तो साहेब नाही, क्लार्कच आहे अजून." मोटार नव्वदला मिळाली. मातृप्रेमाचे असे साठ रुपये मी आजवर कुठल्याच खात्यात जमा केलेले पाहिले नव्हते.

खरेदीच्या पाकिटात राहिले एकशे दहा. त्यात सौभाग्यवतींना हळदीकुंकवाचं वाण घ्यायचं होतं. रथसप्तमी अजून व्हायची होती. 'कोणतीही वस्तू दहा रुपये' अशी पाटी असलेल्या दुकानात त्या शिरल्या, आणि एक तासानं बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या पिशवीत वीस चाळण्या होत्या आणि चेहऱ्यावर शांती होती.

"एकशे दहात वीस कशा?" माझ्यातला कॅशियर जागा झाला.

"साडेपाचला एक पडली. त्याला म्हटलं, तुला परत बांधून न्यायचं आहे का?"

अण्णांच्या घराण्याची सून शोभते खरी!

भजी, भेळ, उसाचा रस यांत खाण्याचं पाकीट संपलं. मी एक भजं कमी खाल्लं, पण ते आईच्या लक्षात आलं आणि तिनं तिचं अर्धं मला दिलं. त्यामुळे हिशेब पुन्हा विस्कटला. मग मुलं पाळण्याकडे धावली. तिकीट ऐंशी रुपये. दोन मुलं, दोन-दोन फेऱ्या, तीनशे वीस. पाकीट काटेकोर रिकामं झालं आणि मला ट्रायल बॅलन्स जुळल्याचा आनंद झाला. मी पाळण्याखाली उभा राहिलो. एका हातात वीस चाळण्या, दुसऱ्या हातात मोटार, पायांशी पोरांच्या चपला.

वरून कन्या ओरडली, "बाबा, तुम्ही पण या ना!"

आणि माझ्या तोंडून, अगदी विचार न करता, शब्द बाहेर पडले, "नको गं बाई, मला चक्कर येते."

शेजारी आई उभी होती. ती एकदम माझ्याकडे वळली. जरा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "अगदी अण्णांसारखं बोललास बघ."

"हो ना. त्यांचंच आलंय ते माझ्यात."

"त्यांना कुठली चक्कर?" आई म्हणाली. "गावाकडच्या विहिरीत काठावरून सूर मारायचे ते. नारळाच्या झाडावर चढायचे."

"मग पाळण्यात का नाही बसायचे?"

आईनं पदर सारखा केला. "तीन तिकिटांचे पैसे असायचे रे. आपण पाच जण होतो."

मैदानात इतका गोंगाट होता की कुणी कानाशी ओरडलं तरी ऐकू येऊ नये. आईचं हे हळू आवाजातलं वाक्य मात्र मला स्वच्छ ऐकू आलं. पस्तीस-छत्तीस वर्षं मी एक खातं चुकीच्या नावावर लिहीत आलो होतो. 'चक्कर' या नावावर.

"आणि तुला खालूनच भीती वाटायची ती?" मी विचारलं.

आई हसली. "मी कधी वर गेलेय का, भीती वाटते की नाही ते कळायला?"

मी भराभर हिशेब केला. आकस्मिक शंभर आणि रिक्षाचे ऐंशी, एकूण एकशे ऐंशी. दोन तिकिटांचे एकशे साठ. उरले वीस. म्हणजे घरी चालत. सत्तरी ओलांडलेल्या आईला वर न्यायचं आणि मग दीड कोस चालवायचं? मी पाकिटं पुन्हा मोजत होतो तेवढ्यात मागून आवाज आला.

टिंग!

सौभाग्यवती तिकीटवाल्याच्या टेबलापाशी उभ्या होत्या आणि त्यांच्या हातात, कपाटात असायला हवा होता तो मोबाईल होता. "दोन काढलीत," त्या म्हणाल्या. "तुम्ही आणि आई. चाळण्या द्या इकडं. मी उभी राहते खाली."

आईनं नको नको म्हटलं, ते तीन वेळाच. चौथ्यांदा म्हणेपर्यंत ती आत बसलीही होती. पाळणेवाला म्हणाला, "आजी, दांडा घट्ट धरा." आई म्हणाली, "मला काय सांगतोस? ह्याला सांग."

पाळणा वर निघाला. पहिल्या फेरीत आईनं डोळे मिटले होते. दुसरीत उघडले. मग मात्र ती बघतच राहिली. तळ्यातलं देऊळ, त्याचे पाण्यात उतरलेले दिवे, पलीकडं किल्ल्याची काळी भिंत, खाली मुंग्यांएवढी माणसं. "आपलं घर कुठल्या अंगाला रे?" तिनं विचारलं. "अण्णा कुठं उभे राहायचे, तेवढीच जागा दिसते का बघ."

मला ते सांगता आलं नाही. त्याला कारण आहे. त्या वेळी माझे डोळे गच्च मिटलेले होते, पोटातली भेळ गळ्याशी आली होती आणि मी आईच्या मनगटाला असा धरून बसलो होतो की दुसऱ्या दिवशी तिथं वळ उठले होते.

खाली उतरल्यावर मला धरून बाकावर बसवावं लागलं. आईनं माझ्या तोंडावर पदरानं वारा घातला आणि आनंदानं सगळ्यांना सांगितलं, "अगं, ह्याला खरंच चक्कर येते की!" पोरं हसून हसून लोळायची बाकी होती. मीही हसलो. अण्णा असेच हसत असतील का, असं मनात आलं.

येताना रिक्षा केली. रिक्षावाल्यानं ऐंशीच घेतले. रात्री सगळे झोपल्यावर मी वही काढली. संकल्प हजार, खर्च नऊशे; आकस्मिकचे शंभर शिल्लक. सगळं जुळलं, फक्त ते पाळण्याचे एकशे साठ बसेनात. ते माझ्या पाकिटातले नव्हते, म्हणून खर्चात धरता येईनात. आणि मी वर बसलो होतो, म्हणून सोडताही येईनात. शिवाय ही देणी नक्की कोणाची आणि कुठल्या सालची, याचा निकाल लागेना.

ज्या रकमेचं नाव-गाव लागत नाही, ती बँकेत आम्ही उचंत खात्यावर टाकतो. मी तेच केलं. 'मोठा पाळणा, दोन तिकिटं, रु. 160, उचंत.' उचंत खात्यातल्या नोंदी फार काळ ठेवायच्या नसतात, साहेब त्या लवकर निकालात काढायला सांगतात. ही मात्र मी काढणार नाही. पुढच्या वर्षी सौभाग्यवतींचं एक तिकीट काढायचं राहिलंय. चाळण्या मी धरीन. खाली उभं राहायची माझी तयारी आहे. मला खरंच चक्कर येते.