उत्प्रेरक

आमच्या बडोद्यात ‘आयपीसीएल’ हे नाव मराठी घरांतही नातेवाइकासारखं घेतलं जातं. कंपनी २००७ मध्ये रिलायन्समध्ये विलीन झाली, तरी जुन्या लोकांच्या तोंडातून नाव गेलेलं नाही. कोयलीची रिफायनरी १९६५ ची, आयपीसीएल १९६९ ची. रिफायनरीत क्रूडमधून नाफ्था निघायचा, तो फोडून इथिलीन, आणि इथिलीनचे रेणू साखळीत गुंफले की पॉलिथीन. म्हणजे भाजीची पिशवी हे मुळात तेलच!

मग पिशवीचं परत तेल होईल का? होतं. नागपूरच्या प्रा. अलका झाडगावकर यांनी ते करून दाखवलं. पुण्याची ‘रुद्र एन्व्हायर्नमेंटल सोल्युशन्स’ घरोघरचं प्लास्टिक गोळा करून जेजुरीला त्याचं इंधन करते. प्लास्टिक हवेशिवाय तापवलं की साखळ्या तुटतात, वाफ होते, ती थंड केली की तेल. नुसत्या उष्णतेने बरंचसं मेण हाती येतं. झिओलाइटसारखा उत्प्रेरक घातला, तर कमी तापमानात पेट्रोल-डिझेलच्या मापाचे तुकडे पडतात.

मी साहित्य शिकते, त्यामुळे मी अडकले ‘उत्प्रेरक’ या शब्दातच. काम घडवून आणतो, स्वतः खर्च होत नाही, अशी त्याची व्याख्या. भट्टीत मात्र त्याच्यावर कार्बनचा थर बसतो आणि तोही थकतो. त्यात चुकून पीव्हीसी गेलं, तर क्लोरिनमुळे आम्ल तयार होऊन यंत्रच खराब होतं. म्हणून प्लास्टिक आधी कुणीतरी निवडावं लागतं.

आमच्या गल्लीत ते काम मासी करतात. बाटल्या पोत्यात टाकतात, पातळ पिशव्या तिथेच सोडतात. का, विचारलं तर म्हणाल्या, “एना पैसा नथी मळता, बेटा.” भंगारवाला त्यांचे पैसेच देत नाही. तेलामुळे या पिशव्यांना भाव येऊ शकतो, हीच मला यातली सर्वांत मोठी गोष्ट वाटते.

अर्थात ते तेल जळणारच आणि धूर हवेत जाणार. तेव्हा पिशव्या कमी वापरणं आधी, भट्टी नंतर. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात पृथ्वीचं दुःख आणि गरिबांचं दुःख एकत्रच मांडलं आहे. उद्या आमच्या भागातल्या पिशव्या अशा भट्टीत जाऊ लागल्या, तर मला दोन आकडे हवेत: तेल किती लिटर निघालं, आणि मासींना किलोमागे किती मिळाले.