शेजारणीची शिकवण

हिंवतापाचें बीज डांसाच्या पोटांत रोनाल्ड रॉस यांना २० ऑगस्ट १८९७ रोजीं सिकंदराबादेस दिसलें. शास्त्राचें काम तेथें आटोपलें व पुढें उरला तो केवळ प्रचार, अशी पदवीधरांची समजूत असते. आम्हांस ती पटत नाहीं.

आमच्या लहानपणीं मलेरियाचे कर्मचारी घरोघर भिंतींवर औषध फवारीत आणि तारीख लिहून जात. त्यांची पाठ वळतांच घरांतील वडीलधाऱ्या बायका त्या डागांवर शेणाचा हात फिरवीत. सण तोंडावर आला होता आणि भिंत घाण झाली होती, इतकेंच! औषध भिंतीवर राहूं कां द्यावें, हें त्यांना कोणीं सांगितलेंच नव्हतें.

इथिओपियाच्या उत्तरेस तिग्राय नांवाचा प्रांत आहे. अवर्षणावर उपाय म्हणून तेथें लहान लहान धरणें बांधलीं. परंतु १९९९ सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणींत धरणांजवळच्या मुलांत हिंवतापाचें प्रमाण दूरच्या गांवांतील मुलांच्या सातपट आढळलें. शेतास जीवन देणाऱ्या पाण्यानेंच पाळण्याशीं वैर धरावें! धरण फोडावें तर दुष्काळ, राखावें तर ताप.

याच प्रांतांत दुसरा एक प्रयोग झाला. निवडक आयांना शिकविण्यांत आलें. त्यांनीं शेजारणींना शिकविलें, कीं मुलाच्या तापाचीं लक्षणें ओळखा आणि क्लोरोक्विन विनाविलंब द्या. २००० सालीं प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार अशा गांवांत पांच वर्षांखालील मुलांचे मृत्यु इतर गांवांपेक्षां ४० टक्क्यांनीं कमी झाले.

आमचे एक विद्वान स्नेही यावर म्हणतात, "अशिक्षित हातीं औषध देणें धोक्याचें, अर्धवट मात्रांनीं त्याची धार बोथट होते." आक्षेप पोकळ नाहीं. क्लोरोक्विन पुढें आफ्रिकेंत बहुतेक ठिकाणीं निकामी ठरलें. तथापि आफ्रिकेंतला तो घातकी ताप कधीं कधीं एका दिवसांत मूल नेतो. दवाखान्याची वाट तेवढी थांबत नाहीं. मात्रा चुकेल अशी भीति असेल, तर ती नीट शिकवावी. आईच्या हातांतून औषध काढून घेणें हा त्यावरील उपाय नव्हे.

आतां नवीं औषधें आलीं, औषधी मच्छरदाण्या आल्या, २०२१ पासून लशीचीही शिफारस झाली. परंतु मच्छरदाणी रात्रीं मुलावर पडते कीं पेटींत घडी होऊन राहते, हें ठरतें तें घरांत. शिकविण्याच्याच व्यवसायांत आमची हयात गेली. तरीही त्या घरांत आमच्या व्याख्यानापेक्षां शेजारणीचा शब्द अधिक मानला जाईल, आणि तो खरा व पुरा असावा एवढीच काळजी शास्त्राला वाहावी लागेल.